न कापलेला कोपरा

दिवाळी उलटली की आमच्या शेताकडून एक वास येऊ लागतो. पिकल्या भाताचा, सुकत आलेल्या चिखलाचा आणि त्यात थोडा नदीचा. पस्तीस वर्षं शेतकी खात्यात काढली, दाणा दाताखाली धरून त्यात ओल किती आहे ते सांगू शकतो, पण या वासाला काय म्हणायचं ते मला अजून कळलेलं नाही. कापणीची वेळ झाली की मी महाडहून सकाळची एसटी पकडतो, पोलादपूरच्या अलीकडे उतरतो आणि सावित्री नदीकडे जाणारी पायवाट धरतो.

कापणी आता मिलिंद करतो. शेजारच्या शेतवाल्या गंगारामकाकांचा हा नातू. आठवडाभर महाडच्या कारखान्यात असतो आणि सुट्टीच्या दिवशी यंत्र आणून दोन्ही घरांचं भात कापतो. आमचं शेत पाऊण एकराचं, त्यांचंही तेवढंच, मधे एक बांध. हमरस्त्याच्या बाजूने तो सुरुवात करतो आणि नदीकडे सरकत जातो. अगदी टोकाला, जिथे बांध वळतो त्या कोपऱ्यापाशी आला की पातं उचलतो, वळसा घालतो आणि परत फिरतो. मागे मूठभर भात उभं राहतं. तो मला काही विचारत नाही आणि मी त्याला काही सांगत नाही.

धुकं नऊ वाजेपर्यंत हलत नाही. सगळं शेत धसकटांचं, आणि त्या पांढुरक्या ओलीत तो एक झुबका. लांबून बघितलं तर कोणीतरी पाठमोरं उभं आहे असं वाटतं. जवळ गेलं की भातच असतं. मी मुद्दाम जवळ जातो. दरवर्षी जातो. आणि दरवर्षी मला डेन्मार्क आठवतं, म्हणजे मी बावीस वर्षांचा होतो तेव्हाचं ते एक सेमिस्टर.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. मी दापोलीला शेतकी शिकत होतो. वसतिगृहात मी ‘तो ख्रिश्चन पोरगा’ होतो. माझं इंग्रजी चांगलं असणार असं सगळ्यांनी आपापसात ठरवून टाकलं होतं आणि ते चांगलं नाही हे कळल्यावर त्यांना फसवल्यासारखं वाटायचं. आजोबांचा बाप्तिस्मा झालेला, बाबा महाडला प्राथमिक शाळेत मास्तर, आई पोलादपूरकडच्या वाडीतली. इंग्रजी येणार कुठून? पण आमच्या चर्चच्या पाळकांनी माझं नाव कुठेतरी कळवलं आणि तिकडच्या चर्चच्या मंडळींनी चालवलेल्या एका शेतकीशाळेत मला एका सेमिस्टरसाठी बोलावणं आलं. ऑगस्टमध्ये जायचं, जानेवारीत परतायचं. म्हणजे आमची कापणी माझ्याशिवाय होणार होती, जन्मात पहिल्यांदा.

आमच्या कापणीबद्दल आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

आमच्या भागात शेताला राखणदार असतो. तो दिसत नाही, त्याचं नाव घेत नाहीत. कापणी संपली की कोणी त्याला नारळ देतं, कोणी कोंबडं, आणि शेवटची मूठ न कापता उभी ठेवतात. आमच्या दोन घरांत मात्र यातलं काही नव्हतं. आम्ही ख्रिस्ती. कापणीच्या सकाळी बाबा बांधावर उभे राहून प्रार्थना करायचे आणि मग विळा लागायचा. गंगारामकाकांच्या घराने धम्म घेतलेला. त्यांच्या तरुणपणी त्यांच्या वडलांनी घरातले देव टोपलीत भरून सावित्रीत सोडले, तेव्हा टोपलीची दुसरी कड काकांनी धरली होती. ते सांगायचे, “टोपली हलकी व्हती रे. येवढी वर्सं आमी उगाच जड समजत व्हतो.” मार्चमध्ये ते पांढरे कपडे घालून चवदार तळ्यावर यायचे, तेव्हा आधी आमच्या घरी यायचे, आणि बाबा त्यांच्याबरोबर तळ्यापर्यंत चालत जायचे. दोघांचं फार बोलणं नसायचं. पण या मुलखात बाबांना घरचं म्हणावं असं माणूस तेवढं एकच होतं.

दोन्ही घरं मिळून कापायची. एक दिवस आमचं शेत, एक दिवस त्यांचं. ओळीने बसून हमरस्त्याकडून नदीकडे सरकत जायचं. उन्हं कलली की ओळ त्या कोपऱ्यापाशी पोचायची आणि मग काय व्हायचं कोण जाणे, सगळ्यांच्या पाठी एकदम सरळ व्हायच्या. कोणीतरी चहाचं काढायचं. विळे कमरेला जायचे. मूठभर भात तसंच राहायचं. तिथे ना दगड, ना शेंदूर, ना नारळाची करवंटी. ते ठेवताना मी कधी कोणाला पाहिलं नाही. ते राहायचं एवढंच मला ठाऊक.

लहानपणी एकदा मी बाबांना विचारलं. ते हळू आवाजात म्हणाले, “गंगारामचं असेल काही. जुन्या गोष्टी लगेच जात नाहीत. आपण बोलू नये, त्याला वाईट वाटेल.” बाबा असेच होते, दुसऱ्याला अवघड वाटेल असं काही विचारायचं नाही. मीही पुन्हा विचारलं नाही.

आणि आई. दाणा भरला की पाखरं पडतात, म्हणून ती महिनाभर दुपारची शेतावर एकटी बसायची. हातात पत्र्याचा डबा आणि काठी. हाक मारली तर ऐकू जाईल असं घर जवळ नाही, नुसती नदी, आणि लांब कशेडीच्या चढाला लागलेल्या ट्रकांचा कण्हल्यासारखा आवाज. वाडीतल्या बायका विचारायच्या, तुला एकटीला भ्या नाय वाटत गो? आई म्हणायची, “मी एकटी कुठं असते?” बाबांना हे उत्तर इतकं आवडलं होतं की एकदा उपासनेनंतर त्यांनी ते पाळकांना सांगितलं. बायकोची श्रद्धा किती साधी आणि पक्की आहे, म्हणून. आईने मान खाली घातली. आम्हाला वाटलं, लाजली.

संध्याकाळी निघताना ती कोपऱ्याकडे बघून म्हणायची, “येते हां.” मी बरोबर असलो की मला वाटायचं, मला म्हणते आहे. पण मी तर तिच्याबरोबरच निघालेला असायचो.

डेन्मार्कला मी उतरलो तेव्हा तिकडची कापणी चालू होती. आठवड्यातले तीन दिवस शाळा आणि बाकीचे दिवस एका शेतकऱ्याच्या घरी राहून काम, अशी पद्धत होती. माझा शेतकरी निल्स. पन्नाशीचा, उंच, बोलणं मोजकं, इंग्रजी माझ्याएवढंच, त्यामुळे आमचं छान जमलं. घरात तो आणि त्याची आई. म्हातारी दिवसभर खिडकीत बसलेली. तिला डेनिशशिवाय काही येत नव्हतं.

पहिल्याच आठवड्यात त्याने मला कापणीच्या यंत्रावर शेजारी बसवलं. ओटचं शेत, डोळा पुरणार नाही एवढं. आमच्या वाडीतली सगळी शेतं जोडली तरी त्याचा एक कोपरा भरला नसता. मी खूश होतो. शेती म्हणजे हे, असं मनात म्हणत होतो. संध्याकाळकडे आम्ही शेवटच्या पट्ट्यात आलो. टोकाला एक ओढा वाहत होता. तिथे निल्सने पातं उचललं, वळसा घातला आणि यंत्र परत फिरवलं.

मी मागे वळून पाहिलं. मूठभर ओट उभे होते.

माझ्या अंगावर काटा आला हे मी कबूल करतो. सात समुद्र ओलांडून आलो होतो, पुढारलेल्या देशात, त्यातून ख्रिस्ती देशात, आणि तो कोपरा माझ्या आधी तिथे पोचला होता. मी निल्सला विचारलं. तो समोरची नजर न काढता म्हणाला, पक्ष्यांसाठी. नाताळात पक्ष्यांना घालायला. मग थोड्या वेळाने म्हणाला, म्हणजे ते आईचं आहे, मी विचारत नाही. मला बाबा आठवले.

सप्टेंबरात तिथल्या चर्चमध्ये कापणीची उपासना झाली. वेदीपुढे भोपळे, सफरचंदं, गव्हाच्या पेंढ्या. आमच्या महाडच्या मंडळीत कापणीच्या सणाला भाताच्या लोंब्या आणि पडवळ आणतात, त्याची आठवण येऊन मला भरून आलं. नंतर शेजारच्या हॉलमध्ये कॉफी होती आणि मला चार शब्द बोलायचे होते. चाळीसेक माणसं असतील. सगळी प्रेमळ. महाडच्या आमच्या चर्चचा फोटो मी दाखवला, आईबाबांचा दाखवला. तुझे आजोबा आधी कशाची पूजा करायचे, असं एकाने विचारलं. दापोलीत मी फार ख्रिस्ती होतो, इथे पुरेसा नव्हतो, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. मग एका बाईंनी अगदी मायेने विचारलं, तुमच्या शेतावर अजून जुन्या समजुती पाळतात का?

“नाही,” मी म्हणालो. “आम्ही शेत शेवटपर्यंत कापतो. एक काडीही ठेवत नाही.”

एवढं सविस्तर खोटं बोलायची काही गरज नव्हती. नुसतं नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या रांगेत निल्स बसला होता, तो आपल्या कपात बघत राहिला.

घरी आलो तेव्हा म्हातारी खिडकीत होती. तिने मला जवळ बोलावलं आणि निल्सला काहीतरी म्हणाली. निल्स जरा घुटमळला. मग म्हणाला, “ती विचारते, तुमच्याकडे तो कुठे उभा राहतो?”

मी विचारलं, तो म्हणजे कोण? निल्सने खांदे उडवले. ती नुसतं ‘तो’ म्हणते, म्हणाला, मी लहान होतो तेव्हापासून.

“आमच्याकडे कोणी उभं राहत नाही,” मी म्हणालो.

निल्सने ते तिला सांगितलं. ती माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही. थंडीत स्वेटर न घालता घराबाहेर पडलेल्या मुलाकडे बघावं तसं. मग तिने खिडकीकडे तोंड फिरवलं.

त्या आठवड्यात मी घरी पत्र लिहिलं. मला स्वतःची लाज वाटत होती, आणि बाविसाव्या वर्षी लाज वाटली की माणूस दुसऱ्याला सुधारायला निघतो. खोटं बोललो असं कबूल करण्यापेक्षा ते खरं करून घेणं मला सोपं वाटलं. बाबांना लिहिलं की इथे लोक आपल्याकडे श्रद्धेची साक्ष म्हणून बघतात. गंगारामकाकांना नीट समजावून सांगा, त्यांनी एवढं सगळं सोडलं तर हे एवढंसं कशाला धरून ठेवायचं? यंदा तो कोपरा कापून टाका. आणि कापल्यावर मला कळवा. खाली मोठ्या अक्षरांत सही केली. पत्र पेटीत टाकलं आणि मला हलकं वाटलं.

ऑक्टोबर संपला तसा तिकडचा दिवस आखडत गेला. नोव्हेंबरात दुपारी साडेतीनलाच अंधारायला लागायचं. शाळेहून येणारी बस मला मोठ्या रस्त्यावर सोडायची आणि तिथून निल्सच्या घरापर्यंत शेताच्या कडेने चालत जायचं, वीसेक मिनिटं. धुकं तर आमच्यासारखंच, फक्त वासाशिवाय. लांब कुठेतरी ट्रक जायचे. चालता चालता ओढ्याजवळ ती मूठ दिसायची. उंच, पाठमोरी. पहिल्या दोनचार वेळा मी थबकलो. थंड हवा ओढ्यावरून वाहते, म्हणून वारा नसतानाही ते हलतं, असं मी स्वतःला समजावलं, आणि ते खरंही आहे. पुढे सवय झाली. पुढे पुढे तर बसमधून उतरल्यावर ते दिसेपर्यंत मला चुकल्याचुकल्यासारखं वाटायचं. त्या देशात माझ्याशी मराठीत बोलणारं कोणी नव्हतं. एका संध्याकाळी मी तिथून जाताना म्हणालो, “आलो.” तोंडातून निघून गेल्यावर मला ऐकू आलं. हसू आलं, आणि बरंही वाटलं.

मग एक दिवस असा आला. तीच बस, तेच धुकं. ओट उभे होते. पण मी त्यांच्या जवळ आलो आणि पहिल्यांदा मला कळलं की या रस्त्याने मी एकटा चाललो आहे. भीती म्हणजे काही दिसल्याची, ऐकल्याची भीती नव्हे. उलट. जिन्यात शेवटची पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं झालं. मी पळालो. बावीस वर्षांचा शेतकीचा विद्यार्थी, दप्तर छातीशी धरून, उघड्या शेतातून पळत सुटलो. घरी पोचलो तेव्हा म्हातारी खिडकीत नव्हती. ती दारात उभी होती.

डिसेंबरात बाबांचं पत्र आलं. निळं हवाई पत्र, मास्तरांचं अक्षर, कडेच्या समासातही लिहिलेलं. ते मी इतक्या वेळा वाचलं आहे की पाठ झालं आहे.

माझं पत्र मिळाल्यावर बाबा दोन दिवस घुटमळले. मग गंगारामकाकांकडे गेले. कसं बोलावं कळेना, म्हणून पावसापाण्याचं बोलत बसले, आणि शेवटी म्हणाले, मुलगा लिहितो की तो कोपरा कापावा, तुझी हरकत नसेल तर. काका त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. बाबांनी त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहिले होते: “मास्तर, माजी कसली हरकत? आमी त्ये कवाच सोडलं. आमाला वाटलं त्ये तुमचं हाय. तुमच्या येशूचं कायतरी आसंल म्हनून आमी इळा लावत नाय. तुमाला वाईट वाटंल.”

बाबा म्हणाले, आम्हाला वाटलं तुमचं. दोघं हसले. बाबांनी लिहिलं होतं, शमू, आम्ही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. आणि मग एकदम थांबलो. कारण दोघांच्याही मनात एकच आलं. त्याचं नाही, आमचंही नाही, तर मग इतकी वर्षं ते कोणासाठी उभं होतं?

कापायचं ठरलं होतं, मुलाने लिहिलं होतं, त्यामुळे कापलं. पण ओळ कोपऱ्यापाशी आल्यावर कोणी पुढे होईना. काकांनी बाबांकडे पाहिलं, बाबांनी काकांकडे. शेवटी आई उठली. तिने विळा घेतला, एका फटक्यात मूठ कापली आणि पेंढीत टाकली. खाली काही नव्हतं. इतर ठिकाणी असते तशीच माती. निघताना ती काही बोलली नाही.

समासात, आडव्या बारीक अक्षरांत, शेवटचं होतं. तुझी आई आता शेतावर एकटी जात नाही. म्हणते, तिथं आता कोन नाय. मी तिला म्हटलं, असं काय बोलतेस, प्रभू आहे की. तर म्हणाली, “तो हायच. तो समदीकडं हाय. ह्यो तिथलाच व्हता.”

बाबांनी कापणीची तारीख लिहिली होती. मी कुठल्या दिवशी पळालो ते माझ्या वहीत होतं. मी दोन्ही ताडून पाहिलं नाही, आजवर नाही. पण वहीही टाकली नाही, ती कपाटात आहे.

जानेवारीत निघण्याआधी मी निल्सला म्हटलं, तुझ्या आईला सांग, आमच्याकडे तो नदीकडच्या कोपऱ्यात उभा राहायचा. निल्सने माझ्याकडे पाहिलं आणि सांगितलं. त्याने ते भूतकाळातच सांगितलं असावं, कारण म्हातारीने माझा हात हातात घेतला. तिचे हात आईसारखेच खरखरीत होते. ती बराच वेळ काहीतरी बोलली. निल्स म्हणाला, सगळं नाही सांगता येत मला. ती म्हणते, वेळ लागतो.

परत आलो तेव्हा आई एसटी स्टँडवर आली होती. रागावली नव्हती. कधीच रागावली नाही, तेच तर मला सोसवलं नाही. पुढच्या कापणीला मी दापोलीहून रजा काढून आलो. शेवटच्या ओळीत मुद्दाम कोपऱ्याकडेच बसलो आणि सगळ्यांच्या देखत मूठभर भात सोडून उठलो. गंगारामकाका म्हणाले, “ऱ्हाऊ दे.” बाबा चहाचं बघायला गेले. आई माझ्याजवळ आली. त्या भाताकडे तिने पाहिलं, एक लोंबी हातात घेऊन चोळली.

“ठेवलंस त्ये बरं केलंस,” ती म्हणाली. “पन आता त्ये नुसतं भात हाय.”

ती त्यानंतर दहा वर्षं होती. पाखरं राखायला जायची तेव्हा वाडीतल्या एखादीला बरोबर न्यायची. कोणी मिळालं नाही तर रेडिओ न्यायची आणि मोठ्याने लावायची. संध्याकाळ व्हायच्या आत निघायची आणि निघताना मागे बघायची नाही. शेवटच्या आजारात तिने मला एकदा विचारलं, तिकडच्या त्या म्हातारीनं काय सांगितलं होतं? मी म्हटलं, वेळ लागतो म्हणाली. आई म्हणाली, असंल. ऐंशीचं दशक संपायच्या आत ती गेली, महाडच्या दफनभूमीत आहे, आणि तिच्याजवळ मी कधीच नीट माफी मागितली नाही. मागायची कशाची, हेच मला शब्दांत सांगता येत नव्हतं. मी तिची भाकरी हिरावली नव्हती. तिचा सोबती हिरावला होता, आणि तोही चाळीस परक्या माणसांसमोर शोभून दिसावं म्हणून.

नोकरीत मी जिल्हे बदलत राहिलो. सगळीकडे शेतकऱ्यांना सुधारित बियाणं सांगितलं, ओळीत लावणी सांगितली, आणि कोपऱ्यात काही उभं दिसलं तर तिकडे न बघता पुढे गेलो. पण दर कापणीला इथे आलो. बाबा होते तोवर बाबांच्या, काका होते तोवर काकांच्या देखत, आणि नंतर कोणाच्याच देखत नाही. दरवर्षी मूठ सोडली. दरवर्षी जवळ जाऊन पाहिलं. दरवर्षी ते नुसतं भात होतं.

या रविवारी मिलिंदने यंत्र फिरवलं आणि बंद केलं. अचानक एवढी शांतता झाली की नदी ऐकू आली. तो टोपी काढून घाम पुसत म्हणाला, “काका, एक विचारू? आजा सांगून गेला व्हता, हितं पातं लावायचं नाय. कोनाचं काय बोलला नाय. तुमचंच हाय ना?”

असं मला पूर्वीही विचारलं गेलं होतं. तेव्हा टाळ्या मिळाल्या होत्या.

“हो,” मी म्हणालो. “आमचंच.”

त्याने मान हलवली, जणू मी पाण्याची बाटली कुठे आहे ते सांगितलं, आणि भारे उचलायला पलीकडच्या शेतात गेला. शेतात त्याच्या बायकोशिवाय बाकी कोणी नव्हतं. मी बांधाआड सावलीत बसलो. ती आमच्यासाठी जेवण घेऊन आली होती. अलीकडे पाखरं राखायला तीच बसते, एकटीच, मुंबईत वाढलेली मुलगी. मिलिंद सांगत होता, सुरुवातीला घाबरायची, हल्ली नाही. डबे आवरून, टोपली डोक्यावर घेऊन ती निघाली. मी बसलो होतो तिथून ती दिसत होती, तिला मी दिसत नव्हतो. कोपऱ्यापाशी ती क्षणभर थांबली.

“येते हां,” ती म्हणाली, आणि मागे न बघता पायवाटेला लागली.

मी तिला हाक मारून विचारलं नाही. विचारलं असतं तर ती म्हणाली असती, कोणाला? कोणालाच नाही. त्या म्हातारीला मीही तसंच म्हणालो होतो.